वाळवंटातील हरितगृहे: समुद्राकडून नेमके काय मागायचे?

ओमानमध्ये मस्कतच्या वायव्येला पसरलेल्या अल बातिना किनारपट्टीत देशाच्या शेतजमिनीपैकी सुमारे निम्मी जमीन आहे. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या या पट्ट्यात खजुराच्या बागा वाढल्या त्या डोंगराकडून मुरत येणाऱ्या भूजलावर. बैलांच्या मोटेने पाणी काढले जात होते तोवर उपसा आणि भरणा यांचा मेळ कसाबसा बसत होता. १९७० नंतर डिझेलचे आणि पुढे विजेचे पंप आले आणि काही दशकांतच समुद्रालगतच्या विहिरी मचूळ झाल्या. यामागचे कारण सरळ आहे. किनाऱ्यावर जमिनीखालचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि समुद्रसपाटीच्या वर असलेली त्याची पातळी उपशाने एक मीटर उतरली तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा अंदाजे ४० मीटर वर चढते. इतक्या जबर दराने वसुली करणारा सावकार दुसरा नसेल.

याच किनाऱ्यावर, मस्कतजवळ अल हैल येथे, २००४ साली सुलतान काबूस विद्यापीठाच्या सहभागाने समुद्राच्या पाण्यावर चालणारे हरितगृह उभारण्यात आले. कल्पना चार्ली पॅटन या ब्रिटिश संशोधकाची. रंगमंचाच्या प्रकाशयोजनेतून या क्षेत्रात आलेल्या या माणसाने १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनरी बेटांतील तेनेरिफे येथे पहिला प्रयोग केला होता आणि २००० साली अबू धाबीजवळच्या एका बेटावर दुसरा. तेव्हापासून ‘ऊन फुकट, समुद्र फुकट, वाळवंटाची जमीनही फुकट, मग अन्नाचा प्रश्न उरतोच कुठे’ अशा उत्साहाने या तंत्राविषयी लिहिले आणि बोलले जाते. हा उत्साह सर्वस्वी खोटा नाही, परंतु तो चुकीच्या जागी खर्च होतो आहे असे माझे मत आहे. समुद्राकडून दोन गोष्टी मागता येतात, गोडे पाणी आणि गारवा. सारे लक्ष पहिलीवर आहे. खरा लाभ दुसरीत आहे, आणि सरकारी पैसा कुठे घालावा याचा निर्णय हा फरक ओळखल्याशिवाय नीट होणार नाही.

मूळ रचना अशी होती. हरितगृहाच्या वाऱ्याकडील बाजूला मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे, जाड कागदी पुठ्ठ्याचे पॅड भिंतीसारखे उभे करायचे आणि त्यांवरून समुद्राचे पाणी झिरपू द्यायचे. गरम कोरडी हवा पॅडमधून आत येताना थंड आणि दमट होते व पिकावरून पुढे जाते. मागच्या टोकाला पॅडची दुसरी भिंत असते. तिच्यावर उन्हात तापवलेले समुद्राचे पाणी सोडलेले असल्याने हवा पुन्हा गरम होऊन बाष्पाने भरून जाते. ही बाष्पाने जड झालेली हवा शेवटी समुद्राच्या थंड पाण्याने गार ठेवलेल्या नळ्यांवर आदळते, आणि नळ्यांवर जमणारे गोडे पाणी खाली गोळा करून तेच पिकाला द्यायचे. पुठ्ठा खाऱ्या पाण्यात कुजेल अशी शंका कोणालाही येईल. प्रत्यक्षात पाण्यातला चुना पुठ्ठ्यावर बसत जातो आणि तो उलट कडक होतो. निसर्गातले जलचक्र एका छपराखाली आणल्यासारखी ही रचना कागदावर मोहक दिसते, यात शंका नाही.

अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यात. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे एक घनमीटरला ६७५ युनिटांच्या आसपास. पडद्यामधून दाबाने पाणी गाळणाऱ्या आजच्या आरओ संयंत्राला तेवढेच समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी तीन ते चार युनिटे पुरतात. ऊर्ध्वपातनाच्या मोठ्या कारखान्यांत तीच उष्णता पुनःपुन्हा वापरून ही तफावत बरीच कमी केली जाते, पण हरितगृहाच्या एकाच खोलीत तशी सोय नसते. ऊन फुकट असले तरी ते पकडायची जागा, पाणी तापवायच्या नळ्या, आणि हवा थंड करायला लागणारे खोल समुद्राचे गार पाणी यांतले काहीही फुकट नाही. ओमानमध्ये मिळालेले पाणी अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले, याचे आश्चर्य वाटायला नको. महत्त्वाचे हे, की खुद्द पॅटन यांच्या पुढच्या रचनेतून हा टप्पा गळाला. पूर्व आफ्रिकेतील सोमालीलँडमधील बर्बेरा या बंदराजवळ ॲस्टन विद्यापीठाबरोबर उभारलेल्या आणि २०१८च्या सुरुवातीला पहिले पीक देणाऱ्या शेतात काच नाही, थंड नळ्यांची भिंतही नाही. साध्या शेडनेटचे छप्पर, वाऱ्याच्या दिशेला पॅड, आणि गोड्या पाण्यासाठी सौर पॅनलवर चालणारे छोटे आरओ यंत्र एवढाच संसार आहे. ज्याने स्वप्न पाहिले त्यानेच त्याचा सर्वांत देखणा भाग काढून टाकला, आणि माझ्या दृष्टीने या तंत्राच्या तीन दशकांच्या वाटचालीतली हीच सर्वांत शहाणपणाची घटना आहे.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियात दिसते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा येथे २०१० मध्ये पॅटन यांच्याच सहभागाने प्रायोगिक हरितगृह सुरू झाले, परंतु साधी, स्वस्त रचना की हमखास उत्पादन या मुद्द्यावर संशोधक आणि गुंतवणूकदार यांचे फाटले. पुढे ‘सनड्रॉप फार्म्स’ या नावाने २०१६ साली जे उभे राहिले ते २० हेक्टरांचे काचेचे हरितगृह, १२७ मीटर उंचीचा मनोरा आणि त्याच्यावर ऊन फेकणारे २३ हजारांहून अधिक आरसे. त्या उष्णतेवर वीज होते, रात्री व हिवाळ्यात काचघर उबदार राहते आणि वर्षाला सुमारे साडेचार लाख घनमीटर समुद्राचे पाणी गोडे होते. टोमॅटो वाढतात ते मातीत नव्हे, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. वर्षाला पंधरा हजार टनांच्या पुढे उत्पादन आणि ‘कोल्स’ या किराणा साखळीशी दहा वर्षांचा खरेदी करार, असे हे चोख गणित आहे. किलोमागे सुमारे ३० लिटर पाणी हा आकडाही उघड्या शेताच्या तुलनेत फारच चांगला म्हणावा लागेल.

परंतु खर्च झाला तो अंदाजे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे हेक्टरी एक कोटी डॉलर. एवढे भांडवल आणि दहा वर्षे ठरलेल्या भावाने माल उचलणारा ग्राहक हाताशी असेल तर टोमॅटो कुठेही पिकवता येतील. सनड्रॉपला मी अपयश म्हणत नाही. एका श्रीमंत देशातील एका कंपनीने मुख्यतः खासगी पैशाने घेतलेला तो व्यापारी निर्णय आहे. माझा आक्षेप आहे तो त्या आरशांच्या मनोऱ्याचे छायाचित्र दाखवून जॉर्डन, सोमालीलँड किंवा येमेनच्या किनाऱ्याला ‘हे तुम्हालाही जमेल’ असे सांगण्याला.

आता गारव्याकडे वळू. वाळवंटात झाडाला पाणी जास्त लागते ते मुळात त्याची भूक मोठी असते म्हणून नव्हे, तर कोरडी गरम हवा त्याच्या पानांतून पाणी ओढून घेते म्हणून. हवा दमट आणि काही अंशांनी थंड असेल, वरून शेडनेटने ऊन निम्मे झाले असेल, तर तेच झाड पूर्वीच्या मानाने थोड्याच पाण्यात भागवते. म्हणजे खाऱ्या पाण्याचे गोडे करण्याऐवजी खाऱ्या पाण्यानेच झाडाची तहान कमी करता येते, आणि त्यासाठी त्यातला मिठाचा एक कणही वेगळा काढावा लागत नाही. एक हेक्टर जमिनीवर भर दुपारी सुमारे दहा मेगावॉट ऊन पडते. नेटखाली त्याचा निम्मा भाग आला असे धरले तरी तेवढी उष्णता बाहेर काढायला घरगुती दीड टनी एसी हजारभर लागतील. पॅडवरच्या समुद्राच्या पाण्याला ते काम पंप आणि वारा यांच्या जोरावर जमते.

इथे आखाती देशांतील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. तिथे पॅड आणि पंखे लावलेली हरितगृहे नवी नाहीत. सरकारी मदतीने ती मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांच्या पॅडवरून वाहते ते विहिरीचे नाहीतर निक्षारीकरणाचे, म्हणजे समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून केलेले, गोडे पाणी. उन्हाळ्यात पॅडवरून उडून जाणारे पाणी पिकाला दिलेल्या पाण्याइतके, कित्येकदा त्याहून जास्त असते. गोडे पाणी निव्वळ हवेत उडवून द्यायचे आणि मग गोड्या पाण्याची टंचाई आहे म्हणून आणखी एक निक्षारीकरण प्रकल्प बांधायचा, हा प्रकार समुद्र दोन-चार किलोमीटरवर असताना चालू राहावा याला काय म्हणावे? पॅडवर खारे पाणी चालवायला गंजरोधक प्लॅस्टिकचे पाइप, थोडा मोठा पंप आणि साठलेले मीठ मधूनमधून धुऊन काढायची शिस्त लागते. त्यासाठी मनोरा लागत नाही.

मात्र या गारव्यालाही एक अट आहे, आणि ती प्रसिद्धिपत्रकांत क्वचितच सापडते. नागपूरला मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर मुंबईत लावला तर अंगाला चिकटणारा दमटपणा तेवढा वाढतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत आहे. ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने हवा सिद्धान्ततः २१ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि चांगला पॅड तिला प्रत्यक्षात पंचविशीपर्यंत आणतो. तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर सिद्धान्ताची मर्यादाच २९ अंशांवर येते. टोमॅटोच्या फुलांना ते सोसत नाही. आखाताच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये नेमकी अशीच हवा असते. वाळवंट म्हणजे कोरडेपणा हे समीकरण आतल्या भागात खरे; समुद्राच्या काठावर, जिथे समुद्राचे पाणी मिळते तिथेच, ते उन्हाळ्यात ढासळते. पोर्ट ऑगस्टा निवडले गेले ते स्पेन्सर आखाताचे चिंचोळे टोक जमिनीत खोल शिरलेले आहे म्हणून, तिथे समुद्र आणि कोरडी हवा दोन्ही एकत्र मिळतात. बर्बेऱ्यालाही उन्हाळ्यातला वारा जमिनीकडून येतो, गरम आणि कोरडा. अशा जागा जगात आहेत, पण नकाशावर पिवळा रंग दिसला की ती जागा योग्य, असे मानता येणार नाही. कोणत्याही प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्या ठिकाणच्या सर्वांत वाईट महिन्यातल्या दुपारचे तापमान आणि आर्द्रता ही दोनच आकडेवारी मागितली तरी निम्मे प्रस्ताव आपोआप बाजूला पडतील.

याच कसोटीवर आपल्याकडचा प्रश्नही चटकन निकालात निघतो. कोकणाला या तंत्राचा उपयोग नाही, कारण तिथे हवा दमट आहे आणि पाऊस दोन-तीन हजार मिलिमीटर आहे. तिथला प्रश्न साठवणीचा आहे. माणदेश किंवा आष्टी-पाटोद्याला हवा कोरडी आहे, पण समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला, आणि एक घनमीटर पाणी नुसते साडेपाचशे मीटर वर चढवायलाच दीड युनिटाहून अधिक वीज जाते, आडव्या अंतराचा आणि पंपाच्या तुटीचा हिशेब वेगळाच. शिवाय मागे उरलेल्या खारट पाण्याचे तिथे करायचे काय, हा प्रश्न तर आणखी बिकट. भारतात विचार करायचाच झाला तर तो कच्छ आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा करावा, जिथे बातिनासारखेच खारे पाणी विहिरींत शिरलेले आहे.

या हरितगृहांच्या समर्थनासाठी ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो कळण्यासारखा आहे. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्यावर कतारला विमानांनी गायी आणाव्या लागल्या. भारताने मे २०२२ मध्ये गव्हाची आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा नाशिकच्या कांद्यावर चालणारी आखातातली स्वयंपाकघरेही अडचणीत आली. दुसऱ्याच्या धोरणावर आपले ताट अवलंबून असू नये असे त्या देशांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु या हरितगृहांत पिकते काय? टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, पालेभाज्या. टोमॅटोत जवळपास ९५ टक्के पाणीच असते. पोट भरते ते धान्याने, आणि एक किलो गव्हाला सिंचनाचे साधारण एक घनमीटर पाणी लागते असे धरले, व निक्षारीकरणाचा चांगल्यातला चांगला भाव घनमीटरला अर्धा डॉलर धरला, तर नुसत्या पाण्याचाच खर्च बाजारातल्या गव्हाच्या किमतीहून जास्त होतो.

धान्याचा हट्ट वाळवंटात धरला की काय होते ते सौदी अरेबियाने दाखवून दिले आहे. १९८०च्या दशकात भरघोस अनुदाने देऊन, हजारो वर्षांपूर्वी साठलेले आणि आता न भरणारे भूजल उपसून त्या देशाने गहू पिकवला, नुसता पुरेसा नव्हे तर निर्यात करण्याइतका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन ४० लाख टनांच्या आसपास गेले. मग पाणी कुठवर पुरेल याचा हिशेब झाला, २००८ मध्ये कार्यक्रम गुंडाळायचे ठरले आणि २०१६ पर्यंत सरकारने देशी गहू खरेदी करणे थांबवले. गेलेले पाणी गेलेच. खाऱ्या पाण्याची हरितगृहे या चुकीची पुनरावृत्ती नाहीत, कारण समुद्र आटणार नाही. पण त्यांना ‘अन्नसुरक्षा’ म्हणणे ही भाषेची सैल वापरणूक आहे. ती ताज्या भाजीची आणि किनाऱ्यावरच्या भूजलाची सुरक्षा आहे. तेवढेही पुष्कळ आहे, तेवढ्याच नावाने ती मांडावी.

आता उरलेल्या मिठाविषयी. जगभरच्या निक्षारीकरणातून दररोज सुमारे ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी आणि सुमारे १४.२ कोटी घनमीटर खारवट द्राव बाहेर पडतो, असा संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासाचा अंदाज आहे. उघड्या महासागरात तो मिसळून जाईल. स्पेन्सर आखातासारख्या चिंचोळ्या खाडीत, जिथे टोकाकडे जावे तसे पाणी आधीच अधिक खारे होत जाते, किंवा लाल समुद्राच्या टोकाला जॉर्डनच्या अकाबा बंदरानजीकच्या प्रवाळांजवळ, तो कुठे आणि किती सोडायचा हा गंभीर प्रश्न आहे. पॅडवरच्या पाण्यालाही हे लागू आहे, कारण पाणी उडाले तरी मीठ मागे राहतेच. छोट्या शेताला मिठागराचे वाफे हा उपाय परवडतो. हजार हेक्टरांना परवडणार नाही, आणि ‘मीठ विकून नफा’ ही ओळ प्रकल्प अहवालात दिसली तर तिथेच लाल रेघ मारावी, कारण मिठाला भाव नाही.

जॉर्डनमध्ये अकाबाजवळ २०१७ साली सुरू झालेला ‘सहारा फॉरेस्ट प्रोजेक्ट’ हा नॉर्वेच्या मदतीने उभा राहिलेला तीन हेक्टरांचा प्रकल्प या सगळ्या चर्चेत मला मधला आणि म्हणून जास्त उपयोगी वाटतो. दिवसाला दहा हजार लिटर गोडे पाणी आणि वर्षाला १३० टन भाजी हे त्याचे उद्दिष्ट. सगळे पाणी पिकालाच गेले असे धरले तर किलोमागे २८ लिटर होते, म्हणजे आरशांचा मनोरा असलेल्या सनड्रॉपच्या जवळपास तेवढेच. आकडे नियोजित आहेत हे खरे, आणि दोन्ही ठिकाणच्या हवेत फरक आहे हेही खरे. पण पाण्याची काटकसर भांडवलाच्या प्रमाणात वाढत नाही एवढे तरी त्यावरून कळते. जॉर्डनला माणशी वर्षाकाठी शंभर घनमीटरही नूतनीकरणक्षम पाणी मिळत नाही. तिथे भांडवलातला हा फरक नुसता पैशाचा राहत नाही, त्याच पैशात एक शेत उभे राहील की वीस, इतका तो मोठा होतो.

मग सरकारांनी आणि मदत देणाऱ्या संस्थांनी काय करावे? माझ्या मते पैसा काचेसाठी आणि मनोऱ्यांसाठी देऊ नये. तो किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असलेल्या, आज गोड्या पाण्याने पॅड भिजवणाऱ्या हरितगृहांना खाऱ्या पाण्याची सामाईक पाइपलाइन देण्यासाठी द्यावा. एकेका शेतकऱ्याने समुद्रातून स्वतंत्र पाइप टाकणे परवडत नाही, आणि मिठाच्या निचऱ्याचे नियमनही तसे होऊ शकत नाही. जिथे उन्हाळ्यात हवा दमट असते तिथे जून ते सप्टेंबर हरितगृह रिकामे ठेवायची मुभा योजनेतच असावी. बारमाही उत्पादनाच्या हट्टापायीच एसी, काच आणि गॅसचे बॉयलर येतात.

याहून अवघड गोष्ट भूजलाच्या भावाची आहे. बातिनात शेतकरी विहिरीच्या पाण्याला काही मोजत नाही आणि शेतीची वीज सवलतीत मिळते. आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, तेव्हा ओमानला बोल लावायचा अधिकार महाराष्ट्राला फारसा नाही. परंतु पाणी फुकट असेपर्यंत खाऱ्या पाण्याचे कोणतेही तंत्र हिशेबात हरतेच, ते कितीही स्वस्त करा. म्हणून पाइपलाइनचे अनुदान आणि विहिरीवरचा मीटर हे एकाच करारात बांधलेले असले पाहिजेत: ज्याला समुद्राचे पाणी हवे त्याने आपला उपसा ठरलेल्या मर्यादेत आणावा, आणि ही मर्यादा गावातल्या सगळ्या विहिरींना एकदम लागू व्हावी. एकट्याला लागू केली, तर त्याने पॅडवर वाचवलेले गोडे पाणी बांधापलीकडचा पंप त्याच हंगामात ओढून घेईल.